खर्च वाघजाईच्या नावावर

“तुमच्या नवसाचं जेवाण लई ग्वाड झालं हुतं बगा,” असं ती बाई म्हणाली, आणि बयाबाईच्या मुठीतल्या मिरच्या मुठीतच राहिल्या. भोरचा बाजार, भर दुपार, दसरा तोंडावर आलेला, माणसाला माणूस घासून चाललेलं. समोर बसलेली ती फुलाबाई नावाची वेल्ह्याकडची कुणबीण, पुढ्यात दोडक्यांचा ढीग. ओळख ना पाळख, आणि तोंड भरून हसत होती. “म्हादू धनगराच्या घरच्याच न्हवं तुमी? भातगिरनीत कामाला? मग तुमीच की! आवं फागुनात न्हाई का, मतांच्या आदी, वाघजाईच्या माळावर. आख्खा मुलूख जेवला. मानसिंगरावांची मानसं वाढत हुती. म्हनली, म्हादूच्या कारभारनीचा नवस हाय, पोटभर खावा. आमी इचारलं, कारभारीन कुठं? तर म्हनं ती भोराला, आन मालक पुण्याच्या दवाखान्यात.” मग तिने आवाज खाली आणून विचारलं, “आता बरं हाय न्हवं मालकान्ला?” बयाबाईने मिरच्या ढिगात टाकल्या. कानात गिरणीचा पट्टा फिरल्यासारखा आवाज भरला आणि त्या आवाजातून एकच शब्द वर येत राहिला. जेवाण. कसलं जेवाण? कुणाचा नवस? तिचा बोकड तर बिबट्याने नेला होता!

बिबट्याने नेला, असं दिराने सांगितलं होतं. गेनूने. होळीच्या दुसऱ्या दिवशी हा बाबा पालीच्या वरच्या धनगरवाड्यातून भोरपर्यंत आला, दारातच उकिडवा बसला आणि मान खाली घालून म्हणाला, “वैनी, देवीचा बोकड गेला. बिबट्यानं वढला. रगात बी न्हाई घावलं.” आणि बयाबाईला काय झालं म्हणाल? आनंद झाला! हो, आनंद. वाघजाईचा बोकड वाघाच्या जातीने नेला, म्हणजे तिने स्वतः येऊन उचलला, आता घरधनी उठणारच, असं तिच्या मनाने घेतलं. तिने गेनूला गूळ दिला, चहा करून पाजला, जाताना त्याच्या पोरीसाठी गिरणीतली कणी बांधून दिली. ते सगळं आता बाजारात उभ्या उभ्या तिच्या घशात आलं. गूळ दिला मी ह्या माणसाला. त्याने तो खाल्ला. बोटं चाटली. सगळा उन्हाळा ती त्या आनंदावर जगली होती. म्हादूचं वजन चारदोन पौंड वाढलं तेव्हा तिने मनातल्या मनात देवीला म्हटलं होतं, घेतलास ना बोकड, मग आता दे. आणि देवीला काय मिळालं होतं? रस्सा मिळाला होता मतदारांना. वर ही बाई म्हणते, ग्वाड झालं होतं. बयाबाईचं सगळं अंग पेटलं. पाटी काखेला मारून ती जी निघाली ती मिरच्याही न घेता, थेट चौकाकडे, कापडदुकानाच्या माडीवर पक्षाची कचेरी होती तिकडे.

चालताना तिला तो बोकड दिसत होता. काळा, कपाळावर बोटभर पांढरं, एक कान देवीच्या नावाने चिरलेला. कान चिरला की तो कुणाचा राहत नाही. कुणाच्याही नाचणीत तोंड घातलं तरी कुणी काठी उगारत नाही, विकायचा नाही, वाटून घ्यायचा नाही, त्याच्या आईचं दूधसुद्धा त्याला पुरेपूर पाजायचं. ज्या दिवशी म्हादूने मेंढरांमागून येऊन खांद्यावरच्या घोंगडीत तोंड खुपसलं आणि घोंगडी लाल झाली, त्या दिवशी ती दोन दिवसांचं पिल्लू पोटाशी धरून वाघजाईच्या शेंदरी दगडापुढे गेली होती. बाई गं, ह्यो मानूस बरा हुन सोताच्या पायानं घरी चालत आला, की ह्यो तुझ्या दारात. दुसरं कायबी मागत न्हाई. एवढं स्पष्ट बोलली होती ती. देवीशी बोलताना घोळ घालायचा नसतो, हे तिला आईने शिकवलं होतं. आणि नवस फेडायची रीत काय सोपी असते? घरच्याने बोकड दारात न्यायचा, पाठीवर हळदीचं पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. तो अंग झाडेपर्यंत थांबायचं. त्याने कानापासून शेपटापर्यंत अंग झाडलं म्हणजे देवीने घेतला. नाही झाडलं तर दुपार होवो नाहीतर संध्याकाळ होवो, सुरीला हात लावायचा नाही. तिच्या सासऱ्याने एकदा दिवसभर वाट बघून बोकड परत आणला होता, सगळी भाऊबंदकी उपाशी परत गेली होती. असली ही रीत. तिथे मानसिंगरावांची माणसं वाढत होती म्हणे! मानसिंगराव निवडून आले होते, मुंबईला जाऊन बसले होते, आणि तिचा घरधनी पुण्याला खाटेवर होता.

माडीवर सावळाराम एकटाच होता. तालुका कमिटीचा चिटणीस. भिंतीला टेकवलेल्या उरलेल्या जाहिरातींचे गठ्ठे, कोपऱ्यात वाळलेल्या खळीचा डबा, आणि मध्ये हा माणूस चष्मा कपाळावर चढवून बसलेला. त्याला बघितलं की एरवी बयाबाईच्या मनात मान असायचा. का नसावा? संस्थान होतं तेव्हा हा प्रजेच्या बाजूने उभा राहून मार खाल्लेला माणूस. पहिल्या मतांच्या वेळी यादी करायला तो स्वतः धनगरवाड्यावर चढून आला होता. बाया नावच सांगेनात. अमक्याची बायको लिहा, तमक्याची आई लिहा. तर हा दगडावर बसून राहिला. म्हणाला, “नवऱ्याच्या नावानं मत मिळत नाही. तुझं नाव सांग. तुझं मत तुझंच, ते कुणाच्या मटणासाठी विकायचं नाही.” बयाबाई म्हणाली होती, बयाबाई. जन्मात पहिल्यांदा परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगितलं होतं तिने, आणि आठवडाभर तिला कसंतरीच वाटत होतं, पण आतून बरं वाटत होतं. आणि म्हादूला पुण्याच्या क्षयाच्या दवाखान्यात खाट मिळाली ती ह्याच्याच चिठ्ठीने. तेच तर वाईट. चोराने लुटलं तर माणूस शिव्या घालून मोकळा होतो. ह्याला शिव्या घालायच्या तर ती खाट आडवी येते.

“बरं झालं आलीस,” सावळाराम म्हणाला. “मी निरोपच धाडणार होतो.”

“माजा बोकड कुनी कापला?”

“बस. पाणी घे आधी.”

“पानी प्याया आले न्हाई मी. बोकड कुनी कापला?”

सावळारामने चष्मा काढून पंच्याने पुसला. त्याला खोटं बोलायची घाई नव्हती. आणि मग त्याने तिला कायदा समजावून सांगितला. शाळेतल्या पोरांना सांगावा तसा, शांतपणे. उमेदवाराने निवडणुकीत किती खर्च करायचा त्याला सरकारने मर्यादा घातलीय. त्याच्यापुढे गेला की त्याची निवड रद्द होते. तालुका कमिटीने त्याच्या सांगण्यावरून केलेला खर्चही त्याच्याच डोक्यावर बसतो, त्यामुळे कमिटीनेही हात आखडून धरायचा. जीपचं पेट्रोल दाखवायचं, कागद दाखवायचा, खळ दाखवायची. आणि जेवणावळ तर घालायचीच नाही, कमी नाही आणि जास्त नाही, कारण मतदाराला जेवू घातलं की ती लाच होते आणि निवडून आलेला माणूस घरी बसतो.

“मग घातलीत कशापायी?”

“समोरच्यांनी घातली होती. चार गावं जेवली त्यांची. लोक आम्हाला विचारायला लागले, तुमचं कधी? पाच वर्षं मी ह्या डोंगरात पायाचे तुकडे करून घेतले, बयाबाई, आणि लोक विचारतात तुमचं जेवण कधी! काय करायचं मी? तेव्हा गेनू म्हणाला, वहिनीनं देवीला बोकड सोडलाय. मी म्हटलं, देवाच्या पंगतीला कायदा लागत नाही. ती ना उमेदवाराचा खर्च, ना कमिटीचा.”

“आन येका बोकडात आख्खा मुलूख जेवला?”

सावळारामने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणजे बाकीचे बोकड कुठून आले ते विचारायचं नाही. तिच्या एका बोकडाच्या पोटात त्यांनी दहा बोकड लपवले होते, तांदळाची पोती लपवली होती, तेल आणि मसाला आणि आचारी लपवला होता. सरकारने मानसिंगरावांना मर्यादा घातली होती, कमिटीला घातली होती, वाघजाईला नव्हती. सगळा खर्च ह्या हुशार माणसांनी वाघजाईच्या नावावर घातला, आणि वाघजाईच्या वतीने बयाबाईच्या. आता ते अंगाशी आलं होतं. हरलेल्याने दावा लावला होता. दिवाळी झाली की पुण्याचे जज्जसाहेब साक्षीपुरावे घ्यायला भोरला बसणार होते, आणि जेवण नवसाचं होतं हे सांगायला कमिटीकडे साक्षीदार एकच होता.

“तुला एवढंच म्हणायचंय,” सावळाराम म्हणाला. “नवस माझा, बोकड माझा, पंगत माझी. बाकी वकील बघून घेतील.”

“पर नवस फिटलाच न्हाई की! आमचं मानूस बरं हुन सोताच्या पायानं घरी आलं, तर बोकड, आसं बोलले हुते मी. कुठं आलंय घरी? न आलेल्या मानसाचा नवस म्या फेडला म्हनून शपतंवर सांगू? देवी काय म्हनंल? मानूस नको झालं तुला, आसंच म्हनंल की न्हाई?”

सावळाराम तिच्याकडे बघत राहिला. “घरी आला तर,” तो स्वतःशीच म्हणाला. आणि मग, आवाज न चढवता, “खाट कुणी मिळवून दिली हे विसरू नकोस, बयाबाई.” तिला वाटलं, दुखवलं आपण ह्याला, म्हणून असं बोलला. ती धाडधाड जिना उतरून खाली आली. आपण वर काय बोलून आलो हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीला दांडी मारून तिने नसरापूरपर्यंत एस.टी. धरली आणि पुढे पायी निघाली. पाऊस सरलेला, भाताची शेतं पोटरीत आलेली, राजगड धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ, आणि तिला त्यातलं काही नको होतं. पायाखालचा दगड न दगड ओळखीचा, ह्या वाटेनं तिने म्हादूला खाली नेलं होतं, दर चार पावलांना बसवत. तेव्हा तो म्हणत होता, मेंढरं गेनूच्या हवाली केलीत ती बरोबर हायेत न्हवं? स्वतःच्या छातीत भोक पडलेलं आणि ह्याला मेंढरांची चिंता. आणि गेनू! वाड्यावर पोहोचली तेव्हा गेनू कुंपणाला काट्या बांधत होता. वहिनीला बघून त्याच्या हातातली काटी खाली पडली.

“बिबट्या,” बयाबाई म्हणाली. “कुठला रं बिबट्या? टोपीवाला का बिनटोपीचा?”

गेनूची बायको आत पळाली. गेनू रडायला लागला. रडणाऱ्या पुरुषाला काय मारायचं? पण तिने मारलं. तीच काटी उचलून दोन दिल्या पाठीवर, तो हललाही नाही. “वैनी, म्या पैका न्हाई घेतला गं,” तो म्हणत राहिला. “आईच्यान्, न्हाई घेतला. सावळारामभाऊ म्हनले, आगाव फेडा. देनं आदी दिलं की घेनाऱ्याला काम करावंच लागतं. म्हनले, तांदूळ आमी घालतो, आख्खा मुलूख जेवंल, समद्यांचा दुवा लागंल तुज्या भावाला. मला पटलं, वैनी. म्या म्हनलं, देवी बांधली जाईल, दादा लवकर येईल.” हे त्याला खरंच पटलं होतं! इतका का माणूस भोळा असतो? सावकाराशी करावा तसा सौदा ह्या धनगराने देवीशी केला होता, आणि सौद्याची अक्कल दिली होती कायदा शिकलेल्या माणसाने. बयाबाईने काटी टाकली. एकच विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारायची तिला भीती वाटत होती.

“अंग झाडलं का रं त्यानं?”

गेनूने मान वर केली नाही.

“झाडलं का?”

“घाई हुती,” गेनू म्हणाला. “मानसं खोळंबली हुती. मानसिंगराव येऊन बसले हुते. पानी वतलं, पर तो नुसता हुबा. नुसता बगत हुबा. मग त्येंच्यातल्या येकानं त्येच्या कानात फुंकर मारली. तरी न्हाई. मग म्हनले, चला.”

ती पाणीसुद्धा न पिता परत फिरली. नंतर कितीतरी दिवस गिरणीत कोंडा पाखडताना तिला तो दिसायचा. नुसता उभा. कोंडा उडून डोळ्यांत जायचा, पापण्यांवर बसायचा, बाजूच्या बाया विचारायच्या, रडतीयास का गं, आणि ती म्हणायची, कोंडा गेला. ती रडत नव्हतीच. रडायला यायचं तेव्हा संताप यायचा, आणि तो कुणावर काढायचा हे ठरायचं नाही. सावळारामवर काढावा तर खाट. गेनूवर काढावा तर तो मेल्यापरीस मेलेला. मानसिंगरावांना तिने जन्मात बघितलं नव्हतं. देवीवर काढावा का? काढला एकदा. सूप आपटून मोठ्याने म्हणाली, तुला कळत न्हवतं? तुझ्या म्होरं झालं न्हवं? बाया हसल्या, त्यांना वाटलं सुपाशीच बोलतेय. हिशेबात घालायचा नाही म्हणून ह्यांनी तिचा बोकड वाऱ्यावर सोडला. तो कुणाच्याच खर्चात नव्हता. न उमेदवाराच्या, न कमिटीच्या. मग तो गेला तो कुणाचा गेला? कागदाची किंमत धरली, खळीची धरली. पुण्याला ती म्हादूला भेटायला गेली तेव्हा हे सगळं ओठांवर येऊन थांबलं. तो खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता, गालफडं भरत आलेली. “बोकडाचं काय गं?” त्याने विचारलं, आणि ती म्हणाली, “देवीनं सोताच न्हेला न्हवं का?” तो समाधानाने हसला. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून बजावलं, आता उतार पडतोय, पण उन्हाळा सरेपर्यंत हलवायचा नाही, मध्येच नेलात तर सगळं मुसळ केरात. ती आत येऊन म्हादूला म्हणाली, “डागदर म्हनत्यात, बरे झालात तुमी. जरासं ऱ्हायलंय.” प्रत्येक वेळी ती असंच म्हणायची. जरासं राहिलंय. तीन वर्षं जरासं राहिलं होतं.

दिवाळी सरली. भोरच्या कचेरीत जज्जसाहेब बसले तेव्हा बाहेर जत्रा भरली होती. दोन्हीकडची माणसं, पानाच्या पिचकाऱ्या, जीपगाड्या. हरलेल्याचे लोक बयाबाईला बघून एकमेकांना ढोसत होते. त्यांनीही जेवणं घातली होती, पण ते हरले होते, म्हणून त्यांचा खर्च कुणी विचारत नव्हतं. कमिटीने साक्षीत तिचं नाव घातलंच होतं; समन्स आलं तशी बयाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. रात्रभर विचार करून तिने ठरवलं होतं, काय असेल ते सांगायचं, खाटेचं काय व्हायचं ते होवो. शपथ घेताना तिचा आवाज कापला नाही. मानसिंगरावांचा वकील पुण्याचा होता, गोड बोलणारा.

“बयाबाई, वाघजाईला बोकडाचा नवस तुम्ही बोललात?”

“व्हय.”

“तो बोकड फाल्गुनात देवीच्या माळावर कापला, आणि लोक जेवले?”

“कापला. पर माज्या माघारी कापला. मला न इचारता. त्यानं अंग झाडलं न्हाई तरी कापला. ती पंगत माजी न्हाई सायेब, ती मतांची पंगत. आन नवस फिटलाच न्हाई. मालक बरं हुन घरी आलं की फेडायचा हुता. ते हायेत दवाखान्यात.”

समोरच्यांच्या बाकावर कुजबुज झाली. पण गोड वकील गडबडला नाही. उलट हसला. म्हणाला, “साहेब, अशिक्षित बाई आहे, गोंधळलीय. हिच्या दिरानं नवस आगाऊ फेडला, तशी रीत आहे. आणि देवीनं फळही दिलं. हिचा नवरा बरा होऊन घरी आलाय. तो इथं हजर आहे.”

दार उघडलं आणि म्हादू आत आला. बयाबाईला आधी तो ओळखूच आला नाही. कोरं धोतर, कोरा सदरा, डोक्याला ताठ गुलाबी फेटा, जसा काही नवरदेव. मागे सावळाराम. सावळारामची मान खाली होती, एवढं तरी त्याने केलं. म्हादू दोन बाकांमधून चालत येत होता, स्वतःच्या पायाने, एक हात बाकाच्या पाठीवर टेकत टेकत, आणि हसत होता. “बया, आलो बग,” तो म्हणाला. अख्ख्या कचेरीत त्याला ती एकटीच दिसत होती. त्याच्या कपाळावर घाम होता. फेट्याखालून ओघळत होता. मार्गशीर्षाच्या थंडीत. आणि बयाबाईला एका क्षणात सगळं कळलं. तिनेच सांगितलं होतं! माडीवर उभी राहून तिनेच ह्या चिटणीसाला नवसाची अट सांगितली होती, आणि ह्यांनी काय केलं, तर अट पुरी केली. हिशेबात बसत नाही ना, मग बसवा. खाटेवरचा माणूस उचला, दवाखान्याच्या कागदावर अंगठा घ्या, फेटा बांधा. जो माणूस तीन वर्षं देवीकडून मागितला तो ह्यांनी जीपमध्ये घालून आणून दिला.

“आता सांगा,” वकील म्हणाला, “नवरा बरा होऊन घरी आला की नाही?”

म्हादू तिच्याकडे बघत होता. हो म्हटलं की झालं. हो म्हटलं की तो हसत हसत वाड्यावर जाईल, मेंढरांत, धुरात, थंडीत, आणि शिमगा बघणार नाही. नाही म्हटलं तर ते त्याच्या तोंडावर म्हणायचं. जे तीन वर्षं त्याच्या कानावर येऊ दिलं नाही ते इथे, पिचकाऱ्या मारणाऱ्या ह्या लोकांसमोर, त्याच्या कोऱ्या सदऱ्याकडे बघत. ह्या मुडद्यांनी तिच्यावर ही पाळी आणली. मटण खाल्लं ते खाल्लंच, आणि आता हे. तिला सावळारामच्या नरड्याला हात घालावासा वाटला. तिने कठडा धरला.

“न्हाई,” ती म्हणाली. ओरडलीच. “बरा न्हाई ह्यो मानूस! डागदरांनी उन्हाळा सरेपत्तुर हलवू नका म्हनून सांगितलंय मला. ह्यांनी खाटंवरनं उचलून आनलाय. हितं हुबा करायला. ह्यांच्या हिसाबापायी! ल्ह्या सायेब, काय ल्ह्यायाचं ते ल्ह्या. माजा मानूस मरंल ह्येच्यात. तो खर्च कुनाच्या नावावर घालनार, इचारा ह्यांना. इचारा की!”

म्हादूचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग त्याला खोकला आला आणि जवळ उभे असलेले लोक मागे सरले. जज्जसाहेबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, कारकुनाला काहीतरी लिहायला सांगितलं, त्याला बसायला द्या म्हणाले. वकील काहीतरी इंग्रजीत बोलत राहिला. समोरच्यांच्या बाकावर एकाने टाळीसाठी हात पुढे केला. बयाबाई पिंजऱ्यातून उतरली ती कुणी उतर म्हणायची वाट न बघता. तिने म्हादूचा दंड धरला आणि त्याला बाहेर आणलं. पायरीवर सावळाराम आडवा आला. “बयाबाई, मला वाटलं होतं, दोन दिवसांचा तर प्रश्न…” त्याच्या हातात पुण्याच्या भाड्याचे पैसे होते. “ह्ये आता कुनाच्या नावावर?” ती म्हणाली. “कमिटीच्या का देवीच्या? तुज्या तोंडात माती पडंल, सावळाराम! दगडावर बसून नाव इचारलं हुतंस मला, नाव!” त्याला अरेतुरे करायची तिची ही पहिलीच वेळ. तो बाजूला झाला.

एस.टी.च्या थांब्यावर तिने म्हादूला बाकड्यावर बसवलं, फेटा उतरवून बाजूला ठेवला, पदराने कपाळ पुसलं. ती वाट बघत होती, की आता विचारेल, खोटं बोललीस होय मला इतकी वर्षं? तो विचारेना. शेवटी म्हणाला, “खाट दिली आसंल का कुनाला?”

“दिली आसंल,” ती म्हणाली. जरासं राहिलंय, बरे व्हाल, हे तिला आता म्हणता येईना. “दिली तर वऱ्हांड्यात पडू. हाकलून दिलं तर दारात बसू.”

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “मला जीपमदीच कळलं हुतं, बया. मागं मी येकटा. ते समदे पुडं, येकमेकांच्या मांडीवर बसल्यावानी. सावळाराम तर बाहीर पाय सोडून बसला हुता, समदी वाट. बऱ्या झालेल्या मानसाला कुनी आसं आनतं का?”

“मग दारातनं आत येताना हसत कशापायी हुता?” बयाबाई त्याच्यावर खेकसली. दिवसभराचा राग तिला आवरत नव्हता, आणि आता तो नको त्या माणसावर निघत होता हे तिला कळत होतं. “हसत कशापायी हुता तुमी?”

“तुला बरं वाटावं म्हनून,” म्हादू म्हणाला.

गाडी आली. लोक धक्काबुक्की करत चढायला लागले तशी तिने दोन्ही कोपरांनी वाट केली, समोर आलेल्या माणसाला शिवी हासडली, नवऱ्याला काखेत धरून वर चढवलं, आणि कंडक्टरला म्हणाली, “पुणं. दोन.”